दोन झरे आणि एक बाटली

इंग्लंड-अमेरिकेत घरच्या घरी ई-लिक्विड, म्हणजे ई-सिगारेटमध्ये घालायचा द्रव, बनवणाऱ्यांमध्ये एक कृती फार प्रिय आहे. तिच्यात इसेन्स दोनच: स्ट्रॉबेरीचा ६ टक्के आणि व्हॅनिला आइस्क्रीमचा ६ टक्के. १०० मिलीलिटरचा घाणा काढायचा तर हे दोन मिळून १२ मिलीलिटर होतात. मग मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम ताकदीचे निकोटिन ३ मिलीलिटर, प्रोपिलीन ग्लायकॉल १५ आणि उरलेले ७० मिलीलिटर ग्लिसरीन. ग्लिसरीन पाण्याहून जड असल्याने त्या ७० मिलीलिटरचे वजन ८८ ग्रॅमच्या आसपास भरते. सुरुवातीच्या काळात लोक थेंब मोजत. पण थेंबाचा आकार नळीवर आणि द्रवाच्या घट्टपणावर अवलंबून असतो, त्यामुळे कालची चव आज जमेल याची खात्री नसे. आता टेबलावर ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा असतो. बाटली ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, एक घटक ओतायचा, पुन्हा शून्य. हातात मोजे घालायचे, कारण इतक्या ताकदीचे निकोटिन कातडीतूनही अंगात उतरते. शेवटी झाकण घट्ट लावून बाटली खूप वेळ हलवायची, तिच्यावर तारीख लिहायची आणि ती अंधाऱ्या कपाटात ठेवून द्यायची. फळांचे स्वाद एक-दोन दिवसांत ओढण्याजोगे होतात. कस्टर्ड, बिस्किट, तंबाखू यांना तीन-चार आठवडे लागतात. लोणच्यासारखे तेही मुरावे लागतात.

जगण्यात सुखाला जागा किती आणि कोणत्या सुखाला, हा प्रश्न प्लेटोने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ‘फिलेबस’ या संवादात घेतला, आणि त्याचे उत्तर द्यायला त्याने नेमकी मिश्रणाचीच क्रिया निवडली. संवादाच्या शेवटाकडे सॉक्रेटिस म्हणतो की आपण पेये मिसळून देणाऱ्या माणसांसारखे दोन झऱ्यांपाशी उभे आहोत. एक झरा सुखाचा, मधासारखा. दुसरा बुद्धीचा, त्यात मद्याचा अंशही नाही, नुसते कडक आरोग्यदायी पाणी. नुसत्या मधावर माणसाचे जगणे होत नाही आणि नुसत्या पाण्यावरही नाही. दोन्ही मिसळावे लागतात. मग काय घ्यायचे, किती घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे, यावर संवादाचा शेवटचा भाग खर्ची पडतो.

हे सगळे रूपकाने बोलले गेले. पण गेल्या वीसेक वर्षांत काही लाख माणसांच्या ओट्यावर ते अक्षरशः घडू लागले आहे, आणि त्यामुळे प्लेटोचे म्हणणे तपासून पाहण्याची एक दुर्मीळ संधी आपल्याला मिळाली आहे.

आजच्या ई-सिगारेटचा जनक म्हणून चीनमधल्या होन लिक या औषधतज्ज्ञाचे नाव घेतले जाते. २००३ च्या सुमारास त्याने हे उपकरण घडवले. तो स्वतः सिगारेट ओढायचा आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. तंबाखू जाळायची नाही, निकोटिन मात्र वाफेवाटे द्यायचे, ही त्यामागची कल्पना. जळण नाही म्हणजे डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळपास नाही. पण जळणाबरोबर तंबाखूची चवही गेली, आणि त्या रिकाम्या जागी कोणताही स्वाद भरता येऊ लागला. आंबा, कॉफी, लिंबाचा केक, दुधात भिजवलेली बिस्किटे. इटलीतल्या, पोलंडमधल्या, अमेरिकेतल्या इसेन्स बनवणाऱ्या कंपन्यांच्या शेकडो कुप्यांमधून माणूस आपल्याला हवी ती चव जुळवू लागला. २०१४ चा युरोपीय तंबाखू निर्देश २०१६ च्या मे महिन्यात लागू झाला आणि निकोटिनच्या बाटलीवर १० मिलीलिटरची, ताकदीवर मिलीलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आली. तेव्हा ब्रिटनमधल्या दुकानांनी एक वाट काढली. ५० मिलीलिटर निकोटिनविरहित द्रव ६० च्या बाटलीत विकायचा आणि १८ मिलिग्रॅमची १० मिलीलिटरची कुपी शेजारी ठेवायची. ग्राहकाने घरी जाऊन एकात दुसरे ओतले की ३ मिलिग्रॅमचा द्रव तयार. या नियमाने कधी मिसळण्याच्या वाटेला न गेलेल्यांच्या हातीही दोन झरे वेगवेगळे दिले: एका बाटलीत गंध, दुसऱ्या कुपीत निकोटिन.

इथे प्लेटोची एक बारीक जाण उपयोगी पडते. ‘फिलेबस’मध्ये त्याने सुखांचे दोन वर्ग पाडले आहेत. काही सुखे आधीच्या दुःखावर उभी असतात: तहान लागल्यावर पाणी, खाज सुटल्यावर खाजवणे. त्यांच्यात उणीव आणि भरपाई एकमेकींत गुंतलेली असतात आणि उणीव जितकी मोठी तितके सुख तीव्र. दुसरी सुखे अशी की ती नसताना काही उणे भासत नाही, आणि आली की आनंद होतो. सुंदर रंग, शुद्ध स्वर, काही शिकल्याचा आनंद, आणि गंध. गंधाला तो बाकीच्यांपेक्षा जरा खालची पायरी देतो, पण यादीत घेतो. ‘रिपब्लिक’च्या नवव्या भागातही उणिवेवाचून येणाऱ्या सुखाचे उदाहरण म्हणून तो गंधच पुढे करतो. ‘टिमियस’मध्ये त्याचे कारणही दिले आहे: काही गोष्टी शरीरातून इतक्या हळू झिरपून जातात की जाताना कळत नाही, पण भरून येताना एकदम कळते, म्हणून तिथे दुःखावाचून सुख मिळते.

प्रयोगशाळेवाचून केलेले हे विधान व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढणाऱ्यांच्या एका नेहमीच्या अनुभवाने खरे ठरते. एकच स्वाद बरेच दिवस ओढला की तो लागेनासा होतो. जीभ मेली असे लोक म्हणतात, पण जीभ बिचारी तशीच असते. नाकाला सतत तोच वास मिळाला की ते त्याची दखल घेणे थांबवते. मग माणूस काय करतो? दोन-तीन दिवस पुदिन्याचा स्वाद ओढतो, किंवा कॉफी पितो, किंवा काहीच करत नाही. स्ट्रॉबेरी नाहीशी झाली म्हणून त्याचे हात थरथरत नाहीत, तो बायकोवर खेकसत नाही, रात्री साडेअकराला गाडी काढून दुकान शोधत फिरत नाही. गंधाचा अभाव बोचत नाही. पण निकोटिनची कुपी संपू द्या.

निकोटिनचे रक्तातले अर्धे आयुष्य साधारण दोन तासांचे. यकृतातले सीवायपी२ए६ नावाचे विकर त्याचे कोटिनिन करत राहते आणि पातळी उतरत जाते. ‘गॉर्गियस’ या दुसऱ्या संवादात सॉक्रेटिस कॅलिक्लीजला रांजणांची गोष्ट सांगतो: एकाचे रांजण धड, भरले की निवांत, दुसऱ्याचे गळके, त्याला रात्रंदिवस भरत राहावे लागते आणि थांबला की यातना. कॅलिक्लीजचे म्हणणे असे की भरलेल्या रांजणाचा माणूस दगडासारखा जगतो, सुख तर ओतण्यातच आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या भांडणात रांजणाचे भोक कुणी मोजले नव्हते. आता मोजता येते. ते दर दोन तासांनी रांजण निम्मा करते.

म्हणजे शंभर मिलीलिटरच्या त्या बाटलीत दोन सुखे आहेत आणि दोघांचा स्वभाव उलटा आहे. एक उणिवेवाचूनचे, एक उणिवेचेच बनलेले. सुगंधाच्या सुखाला आत घ्यायला प्लेटोची हरकत नसती. दुसऱ्याला त्याने दारात थांबवले असते, निदान विचारपूस केली असती. त्याच्या संवादात खुद्द बुद्धीलाच विचारले जाते की तुला कोणत्या सुखांबरोबर राहायला आवडेल, आणि ती तीव्र सुखांना नकार देते; तसली सुखे आली की आपल्याला धड विचार करता येत नाही, असे तिचे म्हणणे.

दोन्ही वेगळी ठेवता आली तर प्रश्न सोपा होता. खरी गोष्ट कपाटात घडते.

मुरताना नेमके काय होते, याबद्दल मिसळणाऱ्यांत पुष्कळ वाद आहेत. काहीजण बाटल्या कोमट पाण्यात ठेवतात, काहीजण चष्मे-दागिने धुण्याच्या अल्ट्रासोनिक यंत्रात. काहीजण झाकण काढून रात्रभर ‘श्वास’ घेऊ देतात, त्यात अल्कोहोल आणि हलके वास उडून जातात. ग्लिसरीन घट्ट असल्याने सगळे एकजीव व्हायला वेळ लागतो, हेही एक कारण. द्रवाचा रंग गडद होत जातो आणि पुष्कळांना तीच पिकल्याची खूण वाटते. वास्तविक तो रंग बहुतांशी निकोटिनच्या ऑक्सिडीकरणाचा आणि व्हॅनिलिनचा असतो, चवीबद्दल तो फारसे काही सांगत नाही. पण एक गोष्ट प्रयोगाने दाखवली गेली आहे. येल आणि ड्यूक विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की व्हॅनिला, दालचिनी, कडू बदाम यांच्या वासाची अल्डिहाइडे प्रोपिलीन ग्लायकॉलशी संयोग पावतात आणि अॅसिटल नावाची नवी संयुगे बनतात. तापवावे लागत नाही. साध्या खोलीच्या तापमानाला, बंद बाटलीत, आपोआप. बाटलीतल्या या संयुगांपैकी ५० ते ८० टक्के वाफेतही उतरतात, आणि श्वासमार्गाला झोंबण्याची जाणीव देणारी ग्राहके ती मूळ गंधापेक्षा जास्त चेतवतात.

याचा अर्थ असा की कृतीच्या कागदावर लिहिलेले पदार्थ तीन आठवड्यांनी त्या बाटलीत पूर्णपणे उरलेले नसतात. तिथे असे काही असते जे कुणी ओतले नव्हते. प्लेटोच्या मिश्रणात मध मधच राहतो आणि पाणी पाणीच. फक्त प्रमाण साधायचे असते. कपाटातली बाटली त्याच्या या गृहीतकाला धक्का देते.

माणसाच्या आतही हेच घडते, आणि तिथे ते जास्त गंभीर आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. नुसत्या निकोटिनसाठी उंदीर कळ दाबत, पण बेताने. नुसता दिवा लागावा म्हणूनही थोडीफार दाबत. दोन्ही एकत्र मिळू लागले तेव्हा कळ दाबण्याचे प्रमाण दोहोंच्या बेरजेपेक्षाही वर गेले. निकोटिन स्वतः फार गोड नाही, पण त्याच्यासोबत जे येते त्याला ते मोल चढवते. दिव्याच्या जागी व्हॅनिलाचा वास ठेवून पाहा. ज्या गंधाच्या अभावाने काहीच बोचत नव्हते तो गंध आता उणिवेची घंटा बनतो. कधीतरी केकच्या दुकानावरून जाताना छातीत एक ओढ जागते, आणि ती केकची नसते.

गंधाचे सुख निर्मळ असते, हे प्लेटोचे म्हणणे खरे आहे. ते कुणाच्या संगतीत ठेवले तरी निर्मळच राहील, हे मात्र खरे नाही. निवड प्रमाण ठरवण्याच्या आधी करावी लागते, झाकण लावण्याच्या आधी. मुरल्यानंतर गाळून काढायला तिथे दोन वेगळ्या वस्तू शिल्लकच नसतात. ३ मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही, असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यायला हवे. प्रश्न ताकदीचा आहेच, पण सहवासाचाही आहे.

घरी मिसळणाऱ्यांची बाजू इथे आवर्जून मांडली पाहिजे, कारण तिच्यात एक खरी नैतिक तळमळ आहे. ‘फिलेबस’मध्ये चांगल्या मिश्रणाला तीन गोष्टी लागतात: प्रमाण, सौंदर्य आणि सत्य. सत्य ज्यात नाही ते मिश्रण टिकत नाही, असे सॉक्रेटिस सांगतो. कलांमधून मोजणे आणि तोलणे काढून घेतले तर मागे अंदाज आणि सराव तेवढा उरतो, असेही तो म्हणतो. थेंबांवरून काट्याकडे गेलेल्या माणसाने याच वाटेवर एक पाऊल टाकले. दुकानातल्या बाटलीवर ‘स्ट्रॉबेरी मिल्कशेक’ एवढेच लिहिलेले असे. घरच्या बाटलीत काय आणि किती आहे हे त्याला ठाऊक असते. सिगारेटने ज्यांना वर्षानुवर्षे न सांगता काय काय पाजले, त्या माणसांना हे जाणण्याची भूक असणे स्वाभाविक आहे. तिचा आदर करायला हवा.

तरी सत्याचा तळ त्यांनाही लागला नाही, याचे उदाहरण म्हणजे डायअॅसिटिल. लोण्याचा वास देणारा हा पदार्थ. खाण्यात त्याने काही बिघडत नाही. २००० साली अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या जॅस्पर गावी, मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातल्या आठ माजी कामगारांना फुप्फुसाच्या बारीक नलिका कायमच्या बुजवणारा एक दुर्मीळ आजार झाल्याचे उघडकीला आले. लोण्याच्या इसेन्सची वाफ रोज छातीत जात होती. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ५१ स्वादांचे द्रव तपासले तेव्हा ३९ मध्ये डायअॅसिटिल सापडले. कस्टर्डला कस्टर्डपणा येतो तो याच कुळातल्या पदार्थांनी. कॅपेला या अमेरिकी कंपनीने आपल्या व्हॅनिला कस्टर्डची या पदार्थांवाचूनची दुसरी आवृत्ती काढली. मिसळणाऱ्यांपैकी अनेकांनी दोन्ही चाखल्या आणि जाणूनबुजून पहिलीच पसंत केली, कारण तिचा साईसारखा भरीवपणा दुसरीत नव्हता. इथे सत्य उशिरा का होईना कळलेले होते. सौंदर्याने त्याला बाजूला सारले.

याच्याहून भीषण घटना २०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत घडली. धडधाकट तरुण श्वास लागून रुग्णालयात येऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले आणि ६८ दगावले. दोष मुख्यतः निघाला तो गांजातील टीएचसीच्या काळ्या बाजारातल्या कुप्यांमध्ये दाटपणासाठी घातलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटचा. व्हिटॅमिन ई! गोळीच्या रूपात लोक ते आरोग्यासाठी गिळतात, क्रीममध्ये तोंडाला लावतात. घरी मिसळणारे पहिला नियम म्हणून शिकवतात की तेलकट काहीही बाटलीत घालायचे नाही, आणि तो नियम बरोबर आहे. पण खाद्य स्वादांवर ‘सुरक्षित’ म्हणून जो शिक्का असतो तो पोटापुरता असतो, आणि अमेरिकेतली इसेन्स उत्पादकांची संघटनाही ते स्पष्ट सांगते. पोट आणि छाती या दोन वेगळ्या दुनिया आहेत. गंधाचे सुख नाकाचे होते. ते मिळवण्यासाठी फुप्फुसाचा रस्ता वापरला गेला, आणि फुप्फुसाला या व्यवहारात काहीच मिळत नाही, नुसते सोसावे लागते.

‘गॉर्गियस’मध्ये आणखी एक प्रसंग आहे. वैद्य आणि मिठाईवाला यांच्यात कोण हिताचे जाणतो याचा निवाडा लहान मुलांपुढे झाला, तर वैद्य उपाशी मरेल, असे सॉक्रेटिस म्हणतो. पुढे तो स्वतःच्या खटल्याची कल्पनाही अशीच करतो: मुलांच्या न्यायासनासमोर वैद्य, आणि त्याच्यावर आरोप ठेवणारा मिठाईवाला. २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या प्रकरणाचा निकाल दिला, त्यात हे दोघे खरोखर समोरासमोर होते, फक्त न्यायासनावर प्रौढ बसले होते. ‘पीची स्ट्रॉबेरी’, ‘मदर्स मिल्क अँड कुकीज’ अशा नावांच्या द्रवांना अन्न व औषध प्रशासनाने परवानगी नाकारली होती. खालच्या न्यायालयाने, प्रशासनाने अर्जदारांना फसवणारी पद्धत वापरली असे ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निष्कर्ष रद्द केला. त्या देशात २०१९ च्या सरकारी पाहणीत माध्यमिक शाळांतल्या वरच्या वर्गांतली २७.५ टक्के मुले ई-सिगारेट ओढत असल्याचे आढळले होते. मिठाईवाल्याचे गिऱ्हाईक कोण, याचे उत्तर त्या आकड्यात आहे.

मात्र प्लेटोच्या गोष्टीत वैद्य आणि मिठाईवाला ही दोन माणसे आहेत. ई-लिक्विडच्या बाबतीत ती अनेकदा एकच असतात, आणि त्याची गोष्ट इथे अपुरी पडते. २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लंडनच्या पीटर हायेक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. धूम्रपान सोडू पाहणाऱ्या ८८६ जणांपैकी अर्ध्यांना निकोटिनच्या चकत्या, च्युइंगम वगैरे दिले, अर्ध्यांना ई-सिगारेट. पुढचा द्रव आणि स्वाद आपल्या पसंतीने घ्या, असे सांगितले. वर्षअखेर पहिल्या गटातले ९.९ टक्के सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्यातले १८ टक्के. म्हणजे गोड औषध जवळजवळ दुप्पट लागू पडले. जळत्या तंबाखूपासून सुटलेल्या त्या माणसांचे आयुष्य खरोखर वाढते. तत्त्वचर्चेच्या नादात हे विसरणे हृदयशून्यपणा होईल. पण त्याच अभ्यासात असेही आहे की सिगारेट सोडलेल्यांपैकी ई-सिगारेटच्या गटातले ८० टक्के वर्षानंतरही तीच ओढत होते. चकत्या वगैरे वापरणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. रांजणातले विष पातळ झाले, भोक तसेच राहिले.

धर्मसंस्थांनी यावर पटकन निवाडा दिला. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने २०१५ मध्ये आणि इंडोनेशियातल्या मुहम्मदिया संघटनेने २०२० मध्ये व्हेपिंग हराम ठरवले. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने २०१९ मध्ये तरुणांच्या मासिकातून ते आपल्या आहारनियमाच्या विरुद्ध असल्याचे स्पष्ट केले. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा: उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळ्यावर बंदी. सिगारेट-विडी मात्र चालू. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, आणि गुटखा म्हणजेही वास लावलेली तंबाखू-सुपारीच. निर्मळ गंधाला गळक्या रांजणाच्या दावणीला बांधण्याची युक्ती आपल्याकडे विजेच्या उपकरणावाचून पूर्वीच साधली गेली होती. शाळेच्या कुंपणाजवळच्या टपरीवर लटकलेल्या पुड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या अमेरिकी खटल्यातले वाद परके वाटणार नाहीत.

बंदीने विक्रेता हटतो. सुखाचा प्रश्न मागे राहतो. १९३० मध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगातून गांधीजी साबरमतीच्या आश्रमवासीयांना दर आठवड्याला एकेका व्रतावर पत्र लिहीत. त्यांत अस्वाद हे एक व्रत आहे. अन्न औषधासारखे घ्यावे, शरीराला लागेल तेवढेच. चव वाढवण्यासाठी मीठ घालणे हाही त्यांच्या मते व्रतभंग. औषधाची गोडी बघून मात्रा वाढवत नाहीत, हा त्यांचा युक्तिवाद. ‘गोड औषधा’ने सिगारेट सोडलेल्या माणसाला गांधीजींनी काय सांगितले असते याची कल्पना करता येते: औषध म्हणून घेत असशील तर मात्रा उतरव आणि एक दिवस थांब. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला विचार त्यांच्या मागे उभा आहे. विषय टाळता येतात, पण त्यांची गोडी मनात उरते, आणि ती जायला त्याहून मोठे काही दिसावे लागते. व्हेपच्या बाटलीत तर विषय नाहीतच. स्ट्रॉबेरी नाही, दूध नाही, साखर नाही, तंबाखूचे पानही नाही. नुसती गोडी, विषयापासून सुटी करून, मोजून, मुरवून ठेवलेली.

पण गांधीजींच्या कडक पाण्यात प्लेटोचा मध अजिबात उरत नाही, आणि इथे कौल प्लेटोच्या बाजूने द्यावासा वाटतो. सुगंधाचे सुख कुणाला बांधत नाही. कनोजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीचा वास चंदनाच्या तेलात उतरवतात आणि ते तेल कातडी कुप्प्यांत मुरवतात. त्या कामात कौशल्य आहे, धीर आहे, पहिल्या पावसाची आठवण आहे, आणि त्याच्या अभावी कुणी तडफडत नाही. ई-लिक्विड मिसळणाऱ्यांमध्ये असे अत्तरवाले पुष्कळ आहेत. गोडवा आणणारा इथिल माल्टॉल अर्धा टक्का जास्त पडला तर फळाची धार कशी बोथट होते, हे त्यांना नाकाने कळते. ते कृती लिहितात, एकमेकांना देतात, दुसऱ्याच्या चुकीवर तास घालवतात. ज्ञानाचे सुख आणि गंधाचे सुख, प्लेटोने आत घेतलेली दोन्ही, त्या टेबलावर हजर असतात. त्यांना व्यसनी म्हणून झटकून टाकणारा माणूस त्यांच्यातल्या सर्वांत चांगल्या गोष्टीकडे पाठ फिरवतो.

त्यांच्यातलेच काही निकोटिन १२ वरून ६, ६ वरून ३ आणि शेवटी शून्यावर आणतात, आणि मिसळणे चालूच ठेवतात. हा प्रश्नाचा सर्वांत खडतर भाग आहे. शून्याच्या बाटलीत दुसरा झरा नाही. तरीही पुष्कळांना ती बाटली दोन दिवस नसली तर चुकल्यासारखे होते. कारण वर्षानुवर्षे त्या गंधाने निकोटिनच्या शेजारी बसून उणीव शिकून घेतली आहे, आणि हाताला, श्वासालाही तीच सवय लागली आहे. ही शिकवण पुसायला वेळ लागतो, आणि दर नव्या घाण्याने ती पुन्हा गिरवली जाते की पुसली जाते, हे प्रत्येकाच्या बाबतीत वेगळे असते. त्याला ते कळण्याची एक साधी रीत आहे. बाटली कपाटात आहे आणि आठवडाभर तिची आठवण झाली नाही, तर तिच्यातला वास प्लेटोच्या यादीतला आहे. आणि आठवडा काढता येत नसेल, तर शून्य लिहिलेल्या बाटलीतही गळती आहे, मग काटा काहीही दाखवो. छातीचा हिशेब या दोन्हींहून वेगळा चालतो; अॅसिटलांना निकोटिन आहे की नाही याने फरक पडत नाही. म्हणून ज्याची गंधाची भूक खरोखर निर्मळ आहे, त्याने कागदाच्या पट्टीवर दोन थेंब टाकून नाकाशी धरले तरी त्याचे काही उणे होऊ नये.

ब्रिटिश सरकारने १ ऑक्टोबर २०२६ पासून व्हेपच्या द्रवावर कर ठरवला आहे: दर १० मिलीलिटरला २ पौंड २० पेन्स, सर्वांना एकच दर, निकोटिन असलेल्याला आणि नसलेल्यालाही. आधी ताकदीप्रमाणे चढते तीन दर सुचवले गेले होते. मग मोजणीची सोय आणि चोरवाटा बघून सरसकट एक केला. खजिन्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. त्याला आकारमान मोजता येते. स्ट्रॉबेरीची बाटली कुणाच्या कपाटात सुगंध म्हणून आहे आणि कुणाच्या कपाटात भरपाई म्हणून, हे ज्याने ती मुरत ठेवली आहे त्यालाच सांगता येईल, तेही त्याने स्वतःला विचारले तर.